पानाची पहिली ओळ

मी काय मोजते, हे मला आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. एकदा प्रयत्न केला होता. निपाणीच्या आमच्या खोलीत ती चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी उंबऱ्यावर बसून तिला गुरू ग्रहाबद्दल सांगत होते. तो केवढा मोठा आहे, किती लांब आहे, त्याच्याभोवती चुंबकाचा केवढा पसारा आहे, आणि त्या पसाऱ्यात इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण कसे सुसाट फिरत असतात. अमेरिकेतून एक यान तिकडं गेलं, त्यातल्या यंत्रानं ते कण मोजले, आणि ते आकडे आता माझ्या टेबलावर आलेत.

"तितं कोन ऱ्हातंय व्हय?" आईनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग कुणासाठनं मोजतीस गं?"

मला राग आला. मला तेव्हा फार लवकर राग यायचा; आता वयानं तो थोडा उशिरा येतो, इतकंच. "तुला नाही कळायचं," म्हणून मी विषय तोडला. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं बायकांना सांगितलं की माझी लेक बेळगावात बसून गुरूवरची धूळ मोजती. मी ते ऐकलं, कपाळाला हात लावला आणि घागर घेऊन घरी आले.

आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बायका वखारीत जायच्या आणि निम्म्या विड्या वळायच्या, तिसरं काम आम्हाला ठाऊक नव्हतं. वाळलेली तंबाखू कुटायची, चाळायची, काडी वेगळी आणि पत्ती वेगळी करायची, पदर नाकाला बांधून दिवसभर त्या धुरळ्यात बसायचं. वडील मी लहान असतानाच गेले होते. माझी शाळा, कॉलेज, एम.एस्सी., सगळं त्या चाळणीवर निघालं. आमच्या बौद्धवाड्यातली एम.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी, म्हणून विहारात माझा सत्कारही झाला. आई तेव्हा मागच्या रांगेत, अगदी भिंतीला टेकून बसली होती.

ती मागं का बसली, हे मला पक्कं माहीत होतं. सातवीत माझा पहिला नंबर आला तेव्हा शाळेत बक्षीस समारंभ होता. आई वखारीतून सुटून तशीच येणार होती. मी तिला म्हटलं, "तू येऊ नको. तुझ्या अंगाला तंबाखूचा वास येतो, पोरी शिंकतात." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण आजवर ते कुणाला सांगितलेलं नाही. आई आली नाही. रागावलीही नाही. घरी गेल्यावर बक्षिसाचं पुस्तक तिनं उलटंसुलटं करून बघितलं, हात धुतलेत ना याची खात्री करून मग आतलं चित्र बघितलं, आणि मला कांद्याची भजी करून घातली. मी ती मजेत खाल्ली.

एम.एस्सी. झाल्यावर मला बेळगावच्या एका कॉलेजात तात्पुरती नोकरी मिळाली. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात दोघींत एक खोली, एक खाट, एक खण. तिथं आईला आणायची सोय नव्हती. माझ्या डोक्यात एकच बेत होता: पीएच.डी. पुरी करायची, नोकरी कायम करून घ्यायची, दोन खोल्यांचं घर घ्यायचं आणि आईला वखारीतून कायमची बाहेर काढायची. ती खोकायची हे मला माहीत होतं. वखारीतल्या सगळ्याच बायका खोकतात. मी तिला म्हणायचे, "सोड आता काम." ती म्हणायची, "तू तुझी ती मोठी परीक्षा हू दे आदी. मग येतो की मी, पायावर पाय टाकून बसतो तुझ्या घरात." आमच्याकडं बायकाही 'येतो', 'बसतो' असंच बोलतात, वसतिगृह सांभाळणाऱ्या पुण्याच्या बाई त्यावरून मला हसायच्या.

आईचा एक दंडक होता. येण्याआधी कार्ड टाकायचं. "न सांगता येत जाऊ नगं बाई. घरात काय असतंय, काय नसतंय." यात मला काही वावगं वाटलं नाही. लेक येणार म्हटल्यावर कुठल्याही आईला काहीतरी करून ठेवावंसं वाटतंच. मी पोस्टकार्डावर 'रविवारी येते' एवढंच लिहायची. आईला वाचता येत नसे. शेजारची आक्का चौथी शिकलेली होती, ती वाचून दाखवायची. मग मी रविवारी सकाळची बस धरायची. संकेश्वरला बस रिकामी होऊन पुन्हा भरायची, कंडक्टर 'मुंद होग्री, मुंद होग्री' करत सगळ्यांना पुढं ढकलायचा, आणि दहाच्या सुमाराला मी निपाणीत उतरायची.

आई दारातच उभी असायची. धुतलेलं लुगडं, न्हालेले केस, अंगाला शिकेकाईचा वास. चेहरा तजेलदार. दिवसभरात चार-दोनदा खोकायची, तेही तोंड फिरवून.

"छाती कशी आहे?" मी विचारायचे.

"बरी हाय की. हाय न्हवं तुज्यासमोर?"

होती खरीच. मी जेवून, झोप काढून, तिनं बांधून दिलेलं पिठलं-भाकरीचं गाठोडं घेऊन परत जायचे. बसमध्ये मनाशी म्हणायचे, अजून दोन वर्षं तरी काही काळजी नाही.

आता त्या आकड्यांबद्दल सांगते. माझ्या मार्गदर्शक सरांच्या ओळखीच्या कुणीतरी परदेशातून यानाच्या नोंदींच्या फोटोप्रती पाठवल्या होत्या. वीस-पंचवीस मोठी पानं. दर दहा मिनिटांची एक ओळ, ओळीत आठ रकाने, प्रत्येक रकान्यात वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन किती मोजले गेले तो आकडा. पानावर साठ ओळी. संगणक आम्ही फक्त चित्रात बघितला होता. प्रत्येक आकडा आधी दुरुस्त करायचा, मग लॉगरिथमच्या कोष्टकातून काढायचा, मग आलेख कागदावर ठिपका द्यायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागं एक अडगळीची खोली होती, तिथं मी तासिका संपल्यावर आणि रविवारी बसायची.

एवढे आकडे कोण करत बसणार, असा विचार मी केला. आळशी नव्हते, पण घाईत होते. मी ठरवलं, आधी प्रत्येक पानाची फक्त पहिली ओळ घेऊ. म्हणजे एकूण चित्र काय आहे ते कळेल. पंधरा दिवसांत ते काम उरकलं. आलेख आला तो जवळजवळ सपाट. यान गुरूपासून लांब जाईल तशी रेघ अगदी हळू खाली उतरत होती, बाकी हालचाल नाही. मी तो गुंडाळून विद्यापीठात सरांकडं घेऊन गेले आणि सांगितलं, "सर, यात काही नाही. सगळं शांत आहे."

सर शांत माणूस. आलेख बघितला, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"तुमच्या एका पानावर किती वेळाच्या नोंदी आहेत?"

"दहा तासांच्या."

"आणि गुरू स्वतःभोवती एक फेरी किती वेळात करतो?"

 दहा तासांना पाच मिनिटं कमी. हे बी.एस्सी.च्या पोरांना मीच शिकवत होते.

"त्याचा चुंबक थोडा तिरका आहे," सर म्हणाले. "त्यामुळं तो फिरतो तसा हा इलेक्ट्रॉनांचा थर वरखाली हलतो. कधी यानावर येतो, कधी यानापासून लांब जातो. तो एक फेरी मारून पुन्हा त्याच जागी आला की तुम्ही त्याच्याकडं बघता, आणि म्हणता सगळं शांत आहे. मधे काय चाललंय ते बघितलंत का?"

त्यांच्या खोलीत आणखी दोन विद्यार्थी होते. ते हसले. मला फार लाज वाटली. बेळगावला आल्यावर पहिल्या पानाच्या दुसऱ्या ओळीपासून सुरुवात केली.

पुढचं दीड वर्ष त्यातच गेलं. साठच्या साठ ओळी, आठच्या आठ रकाने. आलेख कागदाच्या लांब पट्ट्या कापायच्या, एक पट्टी म्हणजे गुरूची एक फेरी, आणि त्या एकाखाली एक चिकटवत जायच्या. खळ मी घरी शिजवायची तशीच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिजवायची, त्यावरून बाईंची बोलणी खाल्ली. पण दहा-बारा पट्ट्या झाल्या तेव्हा दिसायला लागलं. प्रत्येक पट्टीवर त्याच सुमाराला आकडे चढत होते, शिखर गाठत होते आणि उतरत होते. खाली उतरायचे ते इतके, की जणू तिथं काही नव्हतंच. माझी ती पहिली ओळ नेमकी उतरल्या जागी बसलेली होती. माझ्याइतका आनंद त्या दिवशी बेळगावात कुणाला झाला नसेल.

त्या दीड वर्षात माझं निपाणीला जाणं कमी झालं. आधी महिन्या-दीड महिन्यानं जायची, मग तीन-तीन महिने जाईना. रविवार तेवढा कामाला मोकळा मिळायचा. आईची तक्रार नव्हती. गेले की दारात तशीच उभी, तशीच न्हालेली.

मग एका आठवड्यात मधल्याच वारी कॉलेजच्या जुन्या संस्थाचालकांचं निधन झालं आणि पहिल्या तासालाच सुट्टी जाहीर झाली. माझ्या पिशवीत पूर्ण झालेला आलेख होता. कुणाला तरी दाखवावा असं फार वाटत होतं आणि बेळगावात दाखवण्यासारखं कुणी नव्हतं. मी बसस्टँडवर गेले आणि निपाणीची बस धरली. कार्ड टाकलं नव्हतं. आई कामावर असणार, तिला वखारीतच गाठू, बायकांसमोर तिची जरा ऐट होईल, असं मनात होतं. लहानपणी जिला शाळेत येऊ नको म्हटलं, तिच्या वखारीत आपण आलेख घेऊन जावं, याचं मला त्या बसमध्ये मोठं अप्रूप वाटत होतं.

दुपारचे दोन वाजले होते. वखारीच्या फाटकात दिवाणजी स्टुलावर बसला होता. मी आईचं नाव सांगितलं. त्यानं मान न वळवता पाण्याच्या टाकीकडं बोट केलं. टाकीपाशी चार-पाच बायका उभ्या होत्या आणि त्यांच्या मधे एक म्हातारी उकिडवी बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, तोंड उघडं, ओठ काळेनिळे. श्वास आत घेताना गळ्याची शीर न् शीर वर येत होती. पुढ्यात ओकारी पडलेली. एकजण तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. केस, भुवया, पापण्या, सगळं तंबाखूनं पिवळट झालेलं. मी आईला त्या बायकांत शोधत होते.

"काय झालं यांना?" मी विचारलं.

"काय न्हाय बाई, रोजचंच हाय हे," पाठ चोळणारी म्हणाली. "जेवान झालं की असं हुतंय. घटकाभर बसती, मग परत चाळणीला जाती. तुमी कोन म्हनायचं?"

म्हातारीनं मान वर केली. ती आई होती.

मला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं, तर तोंड मिटलं. श्वास येत नव्हता, तरी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पदरानं भुवया पुसायला लागली. मग ते तिला झेपेना. तोंड उघडलं, खोकल्याची उबळ आली, आणि उबळ ओसरल्यावर ती माझ्यावर ओरडली, "कार्ड का न्हाय टाकलंस?"

मी तिच्याजवळ मातीत बसून रडायला लागले. पिशवीतला आलेख पिशवीतच राहिला. दिवाणजी उठून आला आणि ओरडला, "अगं, रडाय काय झालं? मेली न्हाय कोन." त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आयुष्यात तेवढ्या शिव्या मी एका दमात दुसऱ्या कुणाला दिलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिला बेळगावला आणलं, छातीचा एक्स-रे फोटो काढला, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला.

"हे कधीपासून आहे?"

"मला नाही माहीत. मी जायची तेव्हा ती चांगली असायची."

"दोन वर्षं आधी तरी त्या कामातून काढायला हवं होतं," ते म्हणाले आणि औषधं लिहायला लागले.  

बेळगावातच, शहापूर भागात एक खोली भाड्यानं घेतली. ज्या घरासाठी मी पीएच.डी.ची वाट बघत होते, ते पीएच.डी.शिवाय एका दिवसात मिळालं. आई माझ्याकडं पाच महिने राहिली. पायावर पाय टाकून नाही. उशा पाठीशी रचून, पुढं वाकून. आडवं झालं की तिचा जीव घाबरा व्हायचा. मी टेबलावर पट्ट्या पसरून बसलेली असायची आणि ती तिकडं बघत असायची. एकदा तिनं बोटानं दाखवून विचारलं, "ह्ये वर गेलंय ते काय?"

"तेव्हा कण जास्त."

"आन् ह्ये खाली?"

"तेव्हा कमी. तेव्हा तो थर लांब जातो."

 "मग खाली असताना त्यास्नी जरा इसावा," असं ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. ह्या खेपेला मला राग आला नाही. तिला किती समजलं होतं हे मात्र मला तेव्हा समजलं नाही.

थंडीत ती गेली. निपाणीला नेलं. सगळं झाल्यावर आक्का माझ्याजवळ बसायला आली. येताना तिनं बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला होता. त्यात माझी कार्डं होती, सगळी, सुतळीनं बांधलेली. आईनं तिच्याकडं ठेवायला दिली होती.

"तुला कार्ड टाकाय लावायची, ते कशापायी ठावं हाय?" आक्का म्हणाली. "कार्ड आलं की तिला दोन दिस सुट्टी. वखारीकडं फिरकायची न्हाय. दोनदोनदा न्हायाची, केस धुयाची, लुगडं वलनीवर टाकून घरात गप बसायची. एका न्हाण्यानं तंबाखूचा वास जात न्हाय गं, दोन दिस लागत्यात. मी म्हनायची, अगं लेकच हाय न्हवं? तर म्हनायची, तिला शिंका येत्यात. तूच कवातरी बोललीतीस म्हनं, शाळंत असताना."

मी डब्याचं झाकण लावलं आणि परत उघडलं.

"आन् त्या दोन दिसांत खोकला बी खाली बसायचा बघ. जेवान जायचं, झोप लागायची. मी म्हनायची, सोड की गं ते काम, किती बरी दिसतीस. शपथ घातलीती मला, तुला सांगायचं न्हाय म्हनून. तुज्या परीक्षेत खोडा नगं. मागल्या साली तर दर दोन दिसाला इचारायची, आक्का, कार्ड आलंय काय गं? मी म्हनायची, न्हाय. मग उठायची, डबा घ्यायची आन् जायची वखारीला."

आक्का गेल्यावर मी सुतळी सोडली आणि शिक्के बघत कार्डं जमिनीवर ओळीनं लावली. सवयच लागलेली. सुरुवातीची जवळजवळ होती, मग अंतर पडत गेलं. शेवटच्या वर्षातली चारच निघाली. ज्या दिवशी मला गुरूची पहिली शिखरं दिसली आणि मी आनंदानं एकटीच बेळगावच्या कॅम्प भागातून चालून आले, त्याच्या आसपास चार महिने एकही नव्हतं.

माझ्या टेबलाच्या खणात तेव्हा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पडून होता. ते आठवलं आणि मी तिथंच, त्या कार्डांच्या ओळीपुढं, मोठ्यानं रडले. मला जायला वेळ नव्हता, ते खरं. पण जायची गरजच नव्हती. दर आठवड्याला एका कार्डावर 'रविवारी येते' एवढं खोटं लिहून पेटीत टाकलं असतं तरी पुरलं असतं. आक्कानं ते वाचून दाखवलं असतं, आई दोन दिवस घरात बसली असती, न्हाली असती, जेवली असती, नीट झोपली असती. रविवारी दारात उभी राहिली असती. मी आले नाही म्हणून आक्काजवळ मला चार शिव्या घातल्या असत्या, आणि पुढचं कार्ड आलं की पुन्हा दोन दिवस वखारीत गेली नसती.